माईकमावशीची साक्ष

बसस्टँडवर रोज हजारो माणसं तिचं ऐकायची, आणि ती दिसते कशी हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं ती म्हणाली की लोक हातातला चहा अर्धा टाकून धावत सुटायचे. आवाजच तसा होता, भरदार, स्वच्छ आणि किंचित दम देणारा. घरी नवरा म्हणायचा, "अगं, जेवायला हाक मारतेस की गाडी सोडतेस?" स्टँडवर, गल्लीत आणि चर्चमध्ये तिला सगळे एकाच नावाने ओळखायचे, माईकमावशी. खरं नाव तिच्या ओळखपत्रावर होतं आणि तिथेच सुखात होतं.

चर्चमध्ये मात्र तिला माईक लागत नसे. दर रविवारी उपासनेत मंडळीच्या वतीने प्रार्थना करायचं काम तिचं होतं. आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, घरात न बोलणारे नवरा-बायको, सगळ्यांना ती देवापुढे अशी उभी करायची, की ज्याच्यासाठी प्रार्थना चालली आहे त्यालाही आपली दया यावी. कारण ती पाठ केलेलं बोलत नव्हती. लहानपणापासून तिचं देवाशी बोलणं चालूच असे. भांडी घासताना, जिना उतरताना, घोषणेचं बटण दाबायच्या आधीच्या क्षणात. त्यात विनवण्या कमी आणि गप्पा जास्त. कंट्रोलरच्या चहाड्यासुद्धा ती देवाला सांगून मोकळी व्हायची. आणि पलीकडे कोणी तरी ऐकतंय याची तिला अगदी पक्की खात्री असे, शेजारच्या खोलीत माणूस असला की कशी असते, तशी.

मग एके दिवशी त्या खोलीत कोणी नव्हतं.

आता इथे वाचणाऱ्याला कारण हवं असणार. सगळ्यांनाच हवं होतं. पण कारण नव्हतं. घरात कुणी गेलं नाही, आजारपण आलं नाही, भांडण झालं नाही, नोकरीवर गदा आली नाही. एखादं संकट कोसळलं असतं तर निदान लोकांना सांगायला तोंड तरी राहिलं असतं. तापातून उठलेल्या माणसापुढे ताट येतं, पोट रिकामं असतं, पण जिभेला चव म्हणून नसते, तसं झालं. ती बोलायची आणि शब्द तिच्याच अंगावर पडायचे. उत्तर तिला पूर्वीही शब्दांत कधी मिळत नव्हतं म्हणा, पण ऐकणारा असायचा. आता ऐकणाराच उठून गेला होता.

मावशी काही हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हती. ती लवकर उठायला लागली. मग उपास केले. मग उपास सोडून पोटभर जेवून पाहिलं. खुर्ची बदलली, खोली बदलली, गुडघे टेकले, गुडघे दुखले म्हणून उभी राहिली, गाणी म्हटली, गप्प बसली. असं करता करता वर्ष सरत आलं. शेवटी एका सकाळी तिने वर बघून स्पष्ट विचारलं, "माझं काही चुकलं असेल तर सांग. नसेल चुकलं तर तेही सांग. हा काय प्रकार आहे?" स्वयंपाकघराच्या छताने काही सांगितलं नाही.

तिचा नवरा निवृत्त बसड्रायव्हर होता. प्रवचन सुरू झालं की त्याची मान कलायची, ती थेट शेवटच्या आशीर्वादाला सरळ व्हायची. त्याला तिने विचारलं, "अहो, तुम्हाला कधी कोरडं वाटतं का हो?"

"मला ओलं कधी वाटलंय?" तो म्हणाला. "तो आहे, मी आहे, रविवार आहे. मी जातो."

मावशीला त्याचा राग आला, आणि हेवाही वाटला.

खरी चूक पुढे झाली. एकदा उपासनेनंतर खुर्च्या रचता रचता तिने ही गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर घातली. पाळक तरुण होता आणि मनाने सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात गोष्ट राहायची नाही. तो गोष्टी पसरवत नसे हं, तो त्यांना 'प्रार्थनेचा विषय' म्हणून पुढे पाठवत असे. परिणाम तोच. आठवडाभरात मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं की माईकमावशी कोरडी पडली आहे. भेटेल तो उपाय सांगायचा. कुणी म्हणे पहाटे चारला उठा, कुणी म्हणे झोप पुरी घ्या. बेकरीवाली तर रोज फोन करून विचारायची, "आज काही वाटलं का?" जणू मावशीला दिवस गेले होते.

आणि मग हेडमास्तर आले.

हेडमास्तर मंडळीतले ज्येष्ठ पंच. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून ते दारातून आत आले की खुर्चीवरची माणसं नकळत सावरून बसत. त्यांनी चहाला नको म्हटलं, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली आणि तपासणी सुरू केली.

"बाई, कुणाला क्षमा करायची राहिली आहे का?"

"नाही. केली."

"सगळ्यांना?"

"तुमच्यासकट."

हेडमास्तरांनी ते कानाआड केलं. "एखादं लपवलेलं पाप?"

"सर, माझी पापं आहेत ती सगळी जुनी आहेत. ती असतानाही देव ऐकत होता. नवीन करायला आता गुडघे साथ देत नाहीत."

"हसण्यावारी नेऊ नका. उत्तर चुकलं म्हणजे वर कुठली तरी पायरी चुकलेली असते."

"मग शोधा तुम्ही. मी वर्षभर पाटी पुसून पुन्हा मांडतेय. मला सापडत नाही."

हेडमास्तर म्हणाले, "ज्याच्याकडे काही नाही त्याने दुसऱ्यांना वाढायला उभं राहू नये. तुम्ही बऱ्या होईपर्यंत रविवारची प्रार्थना मी सांभाळतो." आणि ते उठले.

हा घाव वर्मी लागला. देव गप्प होता ते एक वेळ तिने सोसलं होतं, पण रविवारची ती पाच मिनिटं हा तिचा शेवटचा आधार होता. तिथे उभं राहून ती आजारी माणसांची नावं घ्यायची, तेव्हा तिला काही वाटत नसलं तरी त्या माणसांना वाटायचं. आता तेही गेलं. पुढच्या रविवारी हेडमास्तर प्रार्थनेला उभे राहिले. शुद्ध भाषा, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि मंडळीत तीन जण जांभया देत होते. मावशी तिसऱ्या रांगेत बसून दातओठ खात होती.

पाळकसाहेबांना तिची दया आली. त्यांनी ठरवलं की मावशीच्या घरी जमायचं आणि बांध फुटेपर्यंत प्रार्थना करायची. शनिवारी दुपारी दहा-बाराजण आले. छोटीशी बैठकीची खोली, मधे स्टुलावर मावशी, सगळ्यांचे हात तिच्या डोक्याखांद्यांवर. उकडत होतं. प्रार्थना सुरू झाली आणि संपायचं नाव घेईना, कारण हे लोक एका गोष्टीची वाट बघत होते. मावशी रडली की काम झालं, असं न बोलता ठरलेलं होतं. मावशीलाही ते कळत होतं. तिने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. मेलेले आईवडील आठवून पाहिले. पण डोळे काही ओले व्हायला तयार नाहीत. उलट मनात येत होतं की चहाला दूध पुरेल का.

त्या आठवड्यात मावशीच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं. बेकरीवाली भावनेच्या भरात एक पाऊल पुढे सरकली. बेकरीवाली अंगाने भक्कम, आणि तिच्या चपलेची टाच बरोबर त्या अंगठ्यावर टेकली. मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"फुटला!" बेकरीवाली ओरडली. "बांध फुटला! स्तुती असो!"

मग काय विचारता. लोक गाऊ लागले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं. मावशीने तोंड उघडलं होतं, "अगं बाई, पाय उचल" एवढंच सांगायला. पण समोर पाळक होता, आणि त्याच्या गालांवरून खरे, आनंदाचे अश्रू ओघळत होते. मावशीने तोंड मिटलं. त्या दुपारी तिची चूक झाली असेल तर ती एवढीच.

तिची ती चूक दुसऱ्याच दिवशी अंगाशी आली. पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं की प्रभूने आमच्या मावशींना पुन्हा भरून टाकलं आहे, आणि पुढच्या रविवारी त्या साक्ष देतील. आजूबाजूच्या दोन मंडळ्यांनाही बोलावणं गेलं. साक्षीनंतर त्याच दिवशी मावशीने प्रार्थना चालवायची, म्हणजे जागा परत.

या मंडळीत साक्ष द्यायची एक ठरलेली वाट होती. आधी मी कसा अंधारात होतो, मग कसा कोसळलो, मग ते अश्रू, मग प्रकाश, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून "हालेलुया". त्या वाटेने न जाणारी, अंधारातच संपणारी साक्ष कुणी कधी ऐकली नव्हती. हेडमास्तरांनी तिला बाजूला घेऊन बजावलंसुद्धा, "पाच मिनिटं. दुःखाला दोन, आनंदाला तीन."

"आणि आनंद झालाच नसेल तर?"

हेडमास्तरांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की तिला वाटलं, यांना सगळं माहीत आहे. पण ते एवढंच म्हणाले, "बोलता बोलता होतो कधी कधी. नाही झाला तरी लोकांना आधार मिळतो." आणि काठी टेकत निघून गेले.

त्या संध्याकाळी मावशी अंगठा गरम पाण्यात बुडवून बसली होती. नवरा समोर शेंगा फोडत होता.

"खोटं बोलायचं, की जागा मिळते," ती म्हणाली. "खरं बोलायचं, की जागा जाते, पाळकाचं नाक कापलं जातं, आणि दोन गावच्या लोकांसमोर माझा तमाशा होतो."

"न जाण्याचा पर्याय आहे की," नवरा म्हणाला. "पाय दुखतोय म्हणून सांग. पाय दुखतोयच."

हा पर्याय तिच्याही मनात येऊन गेला होता, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. कारण एक रविवार चुकला की दुसरा सोपा जातो. मग तिसऱ्याला कुणी विचारत नाही. मग एक दिवस आपणच म्हणतो, तसंही तिथे कोण होतं? तिने अशी माणसं पाहिली होती. ती भांडून गेली नव्हती, नुसती विरून गेली होती.

"देवापाशी मी कधी खोटं बोलले नाही हो," ती म्हणाली. "बाकी सगळं गेलं. तेवढं एक शिल्लक आहे. तेही त्याच्याच घरात उभं राहून घालवू?"

नवऱ्याने शेंगा सोलायच्या थांबवल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचा आवाज असा बारीक झालेला त्याने पहिल्यांदाच ऐकला. "मग घालवू नकोस," तो म्हणाला.

साक्षीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती कामावर गेली ती मनात गोंधळ घेऊनच. तिच्या घोषणेच्या खोलीला फलाटाकडे खिडकी नव्हती. समोर भिंत, माईक, बटण आणि कंट्रोलरचा फोन. फोनवर जे कळेल तेच तिने सांगायचं. दुपारी एक लांब पल्ल्याची गाडी आली नाही. कंट्रोलरने फोन करून सांगितलं, "गाडी घाटाखाली बंद पडलीय. थोड्याच वेळात येईल असं सांगून टाका, नाही तर लोक माझ्या टेबलावर चढतील."

"येईल का थोड्याच वेळात?"

"मला काय माहीत? मेकॅनिक पोचायचाय अजून."

मावशीने बटण दाबलं आणि सांगितलं की गाडी वाटेत बंद पडली आहे, दुरुस्तीला किती वेळ लागेल हे आत्ता कुणालाच माहीत नाही, ज्यांना थांबायचं त्यांनी थांबावं, मी दर अर्ध्या तासाने बोलत राहीन. कंट्रोलर फोनवर कपाळ बडवून घेत होता. पण टेबलावर कुणी चढलं नाही. थोडेजण शिव्या घालत दुसऱ्या गाडीला गेले. बाकीच्यांनी सामानावर बूड टेकलं आणि डबे उघडले. मावशीला हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. माणसं वाट बघायला तयार असतात, 'थोड्याच वेळात' ऐकून त्यांचं डोकं फिरतं. आणि उद्या मी काय तिथे उभी राहून 'थोड्याच वेळात' म्हणणार आहे? तिला स्वतःचाच राग आला, आणि त्या रागाने वर्षभरात पहिल्यांदा तिच्या अंगात जरा जीव आला.

रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. वाढीव खुर्च्या थेट दारापर्यंत. पाळकाने मावशीचं असं स्वागत केलं की एखाद्याला वाटावं, मेलेलं माणूस उठून आलंय. मावशी पुढे गेली. पहिल्या रांगेत हेडमास्तर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. बेकरीवालीने रुमाल आधीच काढून ठेवला होता.

"मागच्या आठवड्यात शनिवारी माझ्या घरी जे पाणी आलं ते डोळ्यांतून आलं हे खरं," मावशीने सुरुवात केली. "पण ते नखुरड्याचं होतं. यांचा पाय माझ्या अंगठ्यावर पडला. तेव्हाच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. त्याची माफी मागते."

कुणी तरी हसलं आणि हसू मधेच गिळलं. बेकरीवालीने रुमाल पर्समध्ये कोंबला.

"मी भरलेली वगैरे नाही. वर्षभर होते तशीच आहे. प्रार्थना करते आणि पलीकडे कोणी आहे असं वाटत नाही. सगळे उपाय करून झाले. पापं शोधून झाली. जी सापडली त्यांची क्षमा मागून झाली. फरक नाही."

पाळकाचा चेहरा उतरला होता. तो हळूच जवळ येऊन पुटपुटला, "मावशी, आता निदान स्तुतीने संपवा."

"संपलंच नाही तर संपवू कसं, साहेब?" मावशी म्हणाली, आणि तिचं ते 'हळूच' शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचलं. "हे बघा. मला वाटत होतं म्हणून मी येत होते, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही तसंच वाटत होतं. आता वाटत नाही, तरी मी येणार. प्रार्थनेची जागा काढून घेतलीत, हरकत नाही, तिसऱ्या रांगेत बसेन. तिथूनही उठवलंत तर पायरीवर बसेन. मला इथून घालवायला नुसती शांतता पुरणार नाही. हे मी तुम्हाला सांगतेय, आणि त्यालाही सांगतेय."

मग तिने डोळे मिटले आणि थेट वर बोलली. "देवा, तू बोलत नाहीस. मला याचा राग आलाय, आणि हा राग मी दुसऱ्या कुणाकडे नेणार नाही, तुझ्याकडेच आणणार. दुसरं काही माझ्याकडे नाही. आमेन."

या मंडळीत कुणी प्रार्थना केली की सगळे मिळून "आमेन" म्हणत. बोबड्या पोरांच्या प्रार्थनेलाही म्हणत. त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. दोन-तीनशे माणसं गप्प, पंख्यांचा आवाज तेवढा चालू. लोकांना कळेना की या असल्या प्रार्थनेला 'तसंच होवो' म्हणावं की नाही. मावशीचे कान तापले, पण ती जागची हलली नाही.

पहिल्या रांगेत काठी वाजली. हेडमास्तर उठून उभे राहिले. मावशीने ओळखलं, आता आपल्याला खाली बसवणार. तिने पाय घट्ट रोवले.

हेडमास्तर मंडळीकडे वळले. वर्ग शांत करणारा त्यांचा तो आवाज फुटेना.

"मला असं होऊन यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त वर्षं झाली," ते म्हणाले. "मी कुणाला कळू दिलं नाही. घरीसुद्धा नाही."

शेजारी बसलेली त्यांची बायको मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली. परक्या माणसाकडे बघावं तसं तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या कोटाची बाही हातात धरली.

"आमेन," हेडमास्तर म्हणाले आणि बसले.

त्यानंतर आणखी किती जणांनी म्हटलं ते सांगता येत नाही, कारण तेवढ्यात पाळकाने घाईघाईने गाणं सुरू केलं, तेही चुकीच्या सुरात. मावशीचा नवरा मात्र त्या दिवशी पूर्ण वेळ जागा होता. हे तो पुढे ज्याला त्याला सांगत सुटला.

उपासना सुटल्यावर बरेचजण मावशीला टाळून बाहेर पडले. पाहुण्या मंडळींतल्या एका बाईंनी तोंडावर सांगितलं की असल्या गोष्टी चारचौघांत बोलू नयेत, नवीन विश्वासी बिचकतात. मावशीने त्यांना चहा कुठे मिळेल ते दाखवलं. ती वाढीव खुर्च्या गोळा करायला लागली, तर पलीकडून हेडमास्तर एक खुर्ची ओढत घेऊन आले. एका हातात काठी असल्यामुळे त्यांना ती नीट उचलता येत नव्हती.

"पुढच्या रविवारी प्रार्थना तुम्ही चालवायची," ते म्हणाले.

"माझ्याकडे काही नाही, सर. आत्ताच सांगितलं ना."

"माझ्याकडे कुठे होतं? आणि मी सगळ्या पायऱ्या बरोबर मांडत होतो." त्यांचे ओठ थरथरले. ते हसू होतं की दुसरं काही, हे मावशीने बघितलं नाही. माणसाला एवढी सवड द्यावी. तिने त्यांच्या हातातली खुर्ची घेतली आणि थप्पीवर ठेवली.

"करते," ती म्हणाली. "पण तुम्ही पहिल्या रांगेत नका बसू. माझ्या शेजारी उभे राहा. मी अडले की तुम्ही बोला, तुम्ही अडलात की मी."

"आणि दोघंही अडलो तर?"

"तर उभे राहू."

हेडमास्तरांनी मान डोलावली आणि ते बायकोचा हात धरून पायऱ्या उतरले. हॉल रिकामा झाला. नवरा बाहेरून हाका मारत होता. मावशी तिथेच थांबली. पलीकडे कोणी आहे असं तिला अजूनही वाटत नव्हतं. तिने कमरेवर हात ठेवले, मान वर केली आणि आपल्या स्टँडवरच्या आवाजात, रिकाम्या हॉलमध्ये घुमेल असं विचारलं, "ऐकलंस ना? आता आम्ही दोघं आहोत. बघू, आधी कोण दमतं ते."